टेप, डिस्क आणि ‘ड्राइव्ह’ : पुसला गेलेला एक भेद

१/
‘टेप काय अन् टेप ड्राइव्ह काय, शेवटी एकच!’ संगणकाच्या इतिहासाची चर्चा निघाली की हे वाक्य हमखास ऐकू येते, आणि भेद सांगू पाहणाऱ्यावर शब्दांचा काथ्याकूट केल्याचा आरोप होतो. आरोप खोटा आहे. या एका भेदाच्या विस्मरणापायी इतिहासाची अस्सल साधने मुकी झाली आहेत.

२/
प्रारंभ पाहावा. १९५१च्या युनिव्हॅक संगणकाला युनिसर्व्हो नावाची यंत्रे जोडलेली असत. त्यांवर चढणारी फीत चक्क धातूची होती : फॉस्फर ब्राँझ, वर निकेलचा मुलामा, रुंदी अर्धा इंच. पुढच्याच वर्षी आयबीएमने आपले ७२६ हे यंत्र जाहीर केले. त्याची फीत प्लॅस्टिकची. व्यवस्था मात्र दोन्हीकडे सारखीच. माहिती फितीवर, मोटर आणि वाचणारे-लिहिणारे हेड यंत्रात. फितीला हाकणारा तो ‘ड्राइव्ह’. रीळ कपाटात जाई, यंत्र जागेवर राही. रिळाला ड्राइव्ह म्हणणे म्हणजे तबकडीलाच ग्रामोफोन म्हणणे.

३/
डिस्कच्या बाबतीतही काही काळ हा भेद शाबूत होता. १९५६च्या रामॅकमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच दांड्यावर फिरत आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरे साठवत. त्या काढता येत नसत. १९६२मध्ये आयबीएमचे १३११ आले आणि तबकड्यांचा गठ्ठा उचलून बाजूला ठेवता येऊ लागला. गठ्ठा तो ‘डिस्क पॅक’, यंत्र तो ‘ड्राइव्ह’. दोन वस्तू, दोन नावे.

४/
गोंधळाचे मूळ १९७३मध्ये आहे. ‘विंचेस्टर’ या टोपणनावाने ओळखल्या गेलेल्या आयबीएम ३३४०ने तबकड्या आणि हेड एकाच बंद डब्यात घातले. पुढे तो डबा यंत्रातच कायमचा बसला. माध्यम आणि यंत्र एकजीव झाले, म्हणून ‘हार्ड डिस्क’ आणि ‘हार्ड ड्राइव्ह’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जाऊ लागले. तिथे ते क्षम्यही आहे. (आपल्याकडच्या ‘पेन ड्राइव्ह’मध्ये तर फिरणारे काहीच नसते, नाव तेवढे उरले!) अक्षम्य आहे ती ही सवय टेपला लावणे. टेप आणि तिचा ड्राइव्ह आजही दोन स्वतंत्र वस्तू आहेत.

५/
परिणाम पाहायचा असेल तर चंद्राकडे जावे. १९६६-६७मध्ये नासाच्या पाच लूनर ऑर्बिटर यानांनी चंद्राची छायाचित्रे पाठवली. ते संकेत पृथ्वीवर दोन इंची टेपांवर नोंदले गेले. टेपा वाचल्या, कारण नॅन्सी इव्हान्स या अभिलेखपाल बाईंनी त्या नष्ट होऊ दिल्या नाहीत. पण वाचणार कशावर? त्यासाठी अँपेक्स एफआर-९०० हेच यंत्र हवे होते, आणि त्याचे उत्पादन केव्हाच थांबले होते. बाईंनी फ्रीजएवढी ती अवजड यंत्रे मिळवून वर्षानुवर्षे स्वतःच्या गॅरेजमध्ये सांभाळली. २००७नंतर ती दुरुस्त झाली, तेव्हा कुठे २००८मध्ये पहिले छायाचित्र पुन्हा हाती आले. जतनाचा निम्मा पराक्रम त्या गॅरेजचा आहे, आणि कौतुक मात्र ‘टेपा सापडल्या’ एवढ्याचेच होते.

६/
येथे कोणी मोडीचा दाखला देईल. पेशवे दफ्तरातील कागदही वाचणाऱ्याविना मुकेच की! खरे आहे, पण मोडी शिकता येते. चार महिने घासले की विद्यार्थी रुमाल उघडून बसतो. बंद पडलेल्या ड्राइव्हचे हेड अभ्यासाने येत नाही.

७/
‘हे जुन्या काळचे झाले’ असे म्हणणाऱ्यांनी आजच्या एलटीओ टेपा पाहाव्यात. २०१०मध्ये आलेल्या एलटीओ-५ची टेप २०१७च्या एलटीओ-८ ड्राइव्हमध्ये वाचली जात नाही. तो ड्राइव्ह फक्त सातव्या आणि आठव्या पिढीच्या टेपा घेतो. म्हणजे टेप ठणठणीत, आणि नवा घेतलेला ड्राइव्ह निरुपयोगी. त्यात वेष्टनावरचे आकडे! एलटीओ-८वर ठळक छापलेले ३० टेराबाइट ही माहिती दाबून बसवता आली तरची क्षमता. मूळ क्षमता १२. आधीच आकसलेल्या छायाचित्रांना आणि चलच्चित्रांना तो वाढीव आकडा जवळजवळ कधीच लागू पडत नाही.

८/
‘डिजिटायझेशन पूर्ण’ अशी घोषणा करणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदवही म्हणूनच उघडून पाहिली पाहिजे. ‘टेप, १२ नग’ ही नोंद निरर्थक आहे. टेप कोणत्या पिढीची, मूळ क्षमता किती, लेखन ‘टार’ पद्धतीचे की ‘एलटीएफएस’, हे तीत हवे. आणि शेजारी एक स्वतंत्र रकाना हवा : तिचा ड्राइव्ह कोणत्या खोलीत आहे, आणि त्यावर ही टेप शेवटची कधी वाचून पाहिली.