शिकविणाऱ्याचे शिक्षण

कार्यकर्त्यांच्या शिबिराचे चित्र ठरलेले असते. शहरातून वक्ते येतात, तासभर विवेचन करतात, शिबिरार्थी टिपणे घेतात, आभारप्रदर्शन होते आणि वह्या पिशवीत जातात. महिन्याभराने त्याच विषयावर चार वाक्ये बोलण्याची वेळ आली, की ऐकताना स्वच्छ वाटलेला विषय धूसर झालेला असतो. हा दोष वक्त्याचा नव्हे, श्रोत्याच्या बुद्धीचाही नव्हे. ऐकलेले ज्ञान दुसऱ्याला समजावून देईपर्यंत ते आपले झालेले नसते, एवढेच त्याचे कारण आहे.

या देशातील जुन्या गावशाळांना हे ठाऊक होते. पंतोजींच्या शाळेत मोठी मुले धाकट्यांकडून धुळाक्षरे गिरवून घेत आणि त्यात त्यांचीही उजळणी होई. मद्रासमधील एग्मोरच्या लष्करी अनाथालयाचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस एका देशी शाळेत वाळूवर अक्षरे काढणारी मुले पाहिली. साहाय्यक शिक्षक ती रीत स्वीकारीनात, तेव्हा बेल यांनी अक्षरओळखीचा वर्ग जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या मुलाच्या हाती सोपविला. प्रयोग यशस्वी झाला आणि १७९७ साली त्याचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

पुढचा इतिहास मात्र सावध करणारा आहे. इंग्लंडमध्ये या पद्धतीचे, तसेच जोसेफ लँकेस्टर यांच्या तिच्याशी मिळत्याजुळत्या पद्धतीचे, स्वागत झाले ते मुख्यतः स्वस्ताईमुळे. एका शिक्षकाच्या देखरेखीखाली शेकडो गरीब मुले बसविता येऊ लागली. वर्गनायकाने ठरलेला धडा घोकून घ्यावा, मुलांनी तो म्हणून दाखवावा, एवढेच उरले. प्रश्नाला जागा राहिली नाही, तेव्हा शिकविणाऱ्याचे शिक्षणही थांबले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत मागे पडली.

तात्पर्य असे, की शिकविणाऱ्याला शिकविते ते त्याचे भाषण नव्हे. समोरच्याचा प्रश्न त्याला शिकवितो. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा वस्तीत समजावून सांगणारा तरुण कार्यकर्ता ‘अर्जाला तीस दिवसांत उत्तर मिळते’ असे ठामपणे सांगतो. मागे बसलेली एखादी बाई विचारते, “आणि नाही मिळाले तर?” त्या क्षणी त्याला उमगते, की आपण कायद्याचे नाव जाणतो, कायदा नव्हे. मग तो मूळ कलमे उघडतो. मुदतीतले मौन म्हणजे कायद्याने नकारच मानला जातो. पुढील तीस दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते आणि तेथेही दाद न लागल्यास नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे जाता येते, हे त्याला त्या रात्री कळते. दहा व्याख्यानांनी जे साधले नसते, ते त्या बाईच्या एका प्रश्नाने साधते.

अर्धवट जाणणाऱ्याच्या हाती वर्ग दिला तर चुकाच पसरतील, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर नवख्याला गप्प बसविणे हे नाही. त्याला तयारीस पुरेसा अवधी द्यावा, जाणत्याने मागच्या रांगेत बसावे आणि ‘हे मला ठाऊक नाही, पुढच्या बैठकीत सांगतो’ असे म्हणण्यात कमीपणा मानू नये, असा शिरस्ता पाडावा.

म्हणून यापुढे अभ्यासमंडळाचा विषय सर्वांत नव्या सभासदाकडे सोपविला जावा आणि निम्मा वेळ प्रश्नांसाठी राखून ठेवावा. ज्या चळवळीत थोडे बोलतात आणि बाकीचे केवळ ऐकतात, तेथे अज्ञान दोन्हीकडे वाढते: ऐकणाऱ्याचे उघडपणे आणि बोलणाऱ्याचे नकळत.