पिंजाऱ्याची कमान

धाराशिव जिल्ह्यातलं तेर वारकऱ्यांना गोरोबाकाकांचं गाव म्हणून ठाऊक आहे. इतिहास शिकणाऱ्यांना ते तगर म्हणून ठाऊक असतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस'मध्ये ज्या व्यापारी शहराचा उल्लेख आहे, तेच हे. आज तेरणेकाठचं हे एक मोठं खेडं आहे, आणि त्या खेड्यात एक सरकारी संग्रहालय आहे. त्याला नाव मात्र कुठल्या राजाचं किंवा मंत्र्याचं नाही. ते आहे रामलिंगप्पा लामतुरे यांचं.

लामतुरे तेरचेच. गावाच्या पांढरीत नांगराला, पावसाला, खणताना जे जे वर येई ते त्यांनी आयुष्यभर गोळा केलं आणि आपल्या घरात ठेवलं. मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजक्या मातीच्या बाहुल्या, दिवे, नाणी. इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या जातकुळीतली मूर्ती तेरलाही मिळाली आहे. हजारो वस्तूंचा हा संग्रह पुढे शासनाकडे गेला आणि संग्रहालय उभं राहिलं. म्हणजे आधी एका माणसाला वाटलं की हे फेकायचं नाही, आणि सरकार नंतर आलं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

मी तिथे गेलो तेव्हा शंखाच्या बांगड्यांपाशी बराच वेळ उभा होतो. कुणाच्या हातात असतील? कासाराघरच्या बाईच्या की व्यापाऱ्याच्या? त्या बाईचं नाव कुणालाच माहीत नाही, पण तिची बांगडी काचेमागे जपून ठेवली आहे, आणि ते योग्यच आहे. तेव्हा मनात आलं, दोन हजार वर्षांपूर्वीची अनोळखी बाई इथे आहे आणि साठ वर्षांपूर्वीचे माझे दादा कुठेच नाहीत.

दादा पिंजारी होते. आमच्याकडे नदाफ म्हणतात. दसरा झाला, थंडीची चाहूल लागली की खांद्यावर कमान टाकून ते गावोगाव निघत. माणसापेक्षा लांब लाकडी कमान, तिला आतड्याची ताणलेली तात, आणि तातेवर मारायला दोन्ही टोकांना फुगीर असा डमरूसारखा दांडा. कुणाच्या ओसरीवर बसून जुन्या गाद्यांचा दगड झालेला कापूस ते पिंजत. तो आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू येई आणि बायका आपापल्या रजया बाहेर काढत. मजुरी कधी पैशात, बहुतेक वेळा ज्वारीत. लेकीच्या लग्नातली गादी पिंजाऱ्याच्या हातची असे. ती गादी कुणाच्या घरातली, हे कापूस विचारत नसे.

गादीचं यंत्र आलं, मग फोम आला. कमान बरीच वर्षं माळ्यावर पडून होती. घर बांधताना ती इतर लाकडाबरोबर गेली. कुणी दिली, हे विचारण्यात अर्थ नाही, कारण त्या दिवशी मीही घरीच होतो.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे वारसा हा शब्द निघाला की मुसलमानांची चर्चा किल्ल्यांवर आणि सुलतानांवर जाते. नळदुर्गचा पाणी महाल, परंड्याचा किल्ला, तिथून विजापूरला नेलेली मलिक-ए-मैदान तोफ. या गोष्टींचा अभिमान मलाही आहे. पण माझ्या दादांचा त्या तोफेशी काय संबंध? तोफ ओतणारे वेगळे, डागणारे वेगळे. आम्ही कापूस पिंजणारे. तरी रोज आम्हालाच विचारलं जातं की तुम्ही कुठल्या बादशहाचे, आणि आम्हीही बादशहाची बाजू मांडत बसतो. खरं उत्तर त्या कमानीत होतं, आणि ती आम्हीच घालवली.

दुसऱ्या बाजूचंही बोललं पाहिजे. कोल्हापूरजवळ कणेरी मठावर सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. शेतात कामं करणारी, घडवणारी, विकणारी माणसं तिथे पुतळ्यांमधून उभी केली आहेत. काम देखणं आहे, मुलांना जरूर दाखवावं. पण त्याची ओळख करून देताना मोगल आक्रमणापूर्वीचं स्वयंपूर्ण खेडं अशी कल्पना सांगितली जाते. तिथे आपल्यापैकी कोण दिसतो आणि कोण नाही, ही मोजदाद मला करायची नाही. मला ती कल्पनाच तपासायची आहे.

मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला १६०० साली. निजामशाही संपली १६३६ साली. बहमनी राज्य सुरू झालं होतं १३४७ मध्ये. म्हणजे महाराष्ट्रात मोगल येण्याआधी अडीचशे वर्षं इथे सुलतान होते आणि त्यांच्या चाकरीत मराठा सरदार होते. पिराच्या नवसाने मालोजीराजांनी मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत 'योगसंग्राम' लिहीत होते. गावगाड्याच्या बलुत्यांच्या अनेक याद्यांत मुलाणी येतो, सुतार-लोहारांच्या पंगतीत, हक्काने. तेव्हा मोगलांपूर्वीचं मराठी खेडं दाखवायचं म्हटलं तरी त्यातून मुसलमान वगळता येत नाही. (वगळायचंच असेल तर आधी मिरची काढावी लागेल. ती पोर्तुगीजांच्या जहाजातून आली. कोल्हापूरकरांना हे सांगायचं धाडस माझ्यात नाही.)

मात्र गावातल्या एखाद्या संग्रहालयवाल्याने उद्या विचारलं की ठीक आहे, आणा तुमच्या वस्तू, तर आपण काय नेणार? माझ्या ओळखीतल्या घरांत मी विचारून पाहिलं. शिकलगारांच्या घरातला सहाणेचा चाक गेला. मोमिनांचा माग सरपणात गेला. अत्तारांची पितळी पेटी मोडीत गेली. मशिदीच्या खिदमतमाश जमिनीचा मुंतखब एकाने दाखवला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडीवर फाटलेला. उर्दू वाचणारं त्या घरात कुणी उरलेलं नाही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती आली, तेव्हा निजामी काळातले उर्दू आणि मोडी कागद वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. ज्या कागदांना रद्दी म्हणत होतो त्यांत शेजाऱ्याच्या आरक्षणाचा पुरावा होता.

आमच्या भागात वस्तू कमी असण्याला आणखी एक कारण आहे आणि ते टाळून पुढे जाणं खोटेपणाचं होईल. रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली. मग सप्टेंबर १९४८ नंतर सूड उगवला तो बहुतेक अशांवर, ज्यांनी हाती काठीही धरली नव्हती. पंडित सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसल्याचं लिहिलं, त्यांत उस्मानाबाद होता. दादीमाँ त्या रात्री एक तांब्याचा बधना घेऊन निघाली होती. का तोच घेतला, हे तिला कधी सांगता आलं नाही. हाताला लागला म्हणून घेतला असेल. शेजारच्या पाटलांनी त्यांना कडब्याच्या गंजीमागे ठेवलं, हेही तिनेच सांगितलं, दर वेळी, न चुकता. बधना आहे. ही दोन्ही वाक्यं लिहिलेली कुठेच नव्हती, आज इथे लिहिली.

अशा वस्तूंसाठी वेगळं मुस्लिम संग्रहालय काढावं असं काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. दादांची कमान मुसलमानांच्या दालनात टांगली तर तिचा अर्थ अर्धा होतो. ती नांगराशेजारी, जात्याशेजारी, कुंभाराच्या चाकाशेजारी असायला हवी, कारण ती तिथेच होती. ग्रामपंचायतीची जुनी खोली, शाळेचा एखादा बंद वर्ग, एवढ्यात भागतं. प्रत्येक वस्तूखाली दोन ओळी हव्यात, कुणाची, कशासाठी, केव्हापर्यंत वापरात होती. ते सांगू शकणारी माणसं ऐंशीच्या पुढे आहेत. मोहरमच्या डोल्यापुढे हलगी वाजवणारा आमच्या गावचा शेवटचा म्हातारा गेल्या वर्षी वारला. त्याची हलगी आहे, ठेका गेला.

हे लिहायला घेण्याआधी चुलतभावाला फोन केला. कमानीचं काही उरलंय का? तो हसला. म्हणाला, "दांडा है ना भाई. पिछले दरवाजे कू अटकाने कू रखे हैं." येत्या जुम्याला गावी जातोय. दाराला अडकवायला एखादी वीट नेईन म्हणतो.