पूर्वपुण्याईवरचें भविष्य

अमेरिकन संशोधक व उद्योजक रे कुर्झवाईल यांनीं १९७६ सालीं छापील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारें यंत्र अंधांसाठीं सिद्ध केलें. त्या यंत्राची परीक्षा कोणाही अंध वाचकास तत्काळ घेतां येत होती, व तींत तें उतरलें. या कार्याविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु २००५ सालच्या ग्रंथांत हेच गृहस्थ सांगतात कीं, २०४५ सालीं यंत्रांची बुद्धि ग्रंथकाळच्या साऱ्या मानवजातीच्या बुद्धीच्या अब्जपट होईल! याची परीक्षा आज कोणी घ्यावी? जुन्या यंत्राची पुण्याई या भविष्यास जामीन ठेवली जाते, आणि सुशिक्षितही माना डोलवितात. आम्हांस हा जामीन मान्य नाहीं. वाचणारें यंत्र केल्यानें कोणी त्रिकालज्ञ होत नाहीं. संशोधकास मान अवश्य द्यावा. भविष्यवाद्याकडे मात्र पुरावाच मागावा.