स्वस्ताईचा पूर, मोलाचा दुष्काळ

फलटणशेजारच्या लोणंदच्या बाजारात कांद्याची आवक वाढली की भाव कोसळतो, हे या भागातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. हाच नियम आता संगणकावरील गेमच्या ऑनलाइन बाजारालाही लागू पडला आहे. फरक इतकाच की, कांदा स्वस्त झाला तर निदान ग्राहकाच्या पिशवीत कांदा पडतो. सवलतीच्या गेम-संचातून, म्हणजे 'बंडल'मधून, त्याच्या पदरात नेमके काय पडते, हाच खरा प्रश्न आहे.

या प्रकाराची सुरुवात आश्वासक होती. मे २०१० मध्ये अमेरिकेत 'हम्बल इंडी बंडल' विक्रीस आले. छोट्या निर्मात्यांचे मोजके, निवडक गेम. किंमत ग्राहकाने ठरवायची आणि त्यातला किती वाटा निर्मात्यांना, किती धर्मादाय संस्थांना, हेही त्यानेच सांगायचे! सुमारे १ लाख ३८ हजार लोकांनी मिळून १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. स्वस्ताई आणि सदिच्छा यांचा असा मेळ क्वचितच जमतो.

पुढे चित्र पालटले. २०१७ मध्ये हा उपक्रम 'आयजीएन' या माध्यम कंपनीने विकत घेतला. २०२१ मध्ये विक्रेत्याचा किमान वाटा निश्चित झाला आणि सगळी रक्कम दान करण्याची मुभा संपली. दरम्यान, डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'एपिक' दुकानाने गेम चक्क फुकट वाटण्यास प्रारंभ केला. 'स्टीम' या सर्वांत मोठ्या दुकानात २०१० मध्ये वर्षाला तीनशेहून कमी गेम येत. २०२४ मध्ये ही संख्या १८ हजारांच्या पुढे गेली. एवढी आवक झाल्यावर मालाला उठाव कोठून राहणार?

संचावरील 'नव्वद टक्के सवलत' ही पाटीही तपासून पाहिली पाहिजे. समजा, ८ हजार रुपये छापील किमतीचे आठ गेम ८०० रुपयांना मिळत आहेत. त्यांपैकी आपल्याला हवे आहेत दोनच, प्रत्येकी हजाराचे. ते हंगामी सेलमध्ये ७५ टक्के सवलतीने घेतले तर ५०० रुपयांत काम भागते. उरलेले ३०० रुपये आपण भरताड मालासाठी मोजतो. पूर्ण किमतीला फारसे कोणी घेतच नसेल, तर 'मूळ किंमत' हा केवळ सवलतीचा आकडा फुगवण्याचा आधार ठरतो.

याचा फटका निर्मात्यालाही बसतो. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स' या संस्थेने भारतीय पुराणकथांवर आधारित 'राजी' हा गेम २०२० मध्ये आणला. त्याआधी २०१७ मधील त्यांची लोकवर्गणीची मोहीम अपयशी ठरली होती. वर्षानुवर्षांच्या अशा कष्टांची किंमत चहा-वड्याइतकी असते, अशी सवय ग्राहकाला एकदा लागली की पुढचा गेम पूर्ण किमतीला घ्यायला तो धजावत नाही. 'थांबा, लवकरच सेल लागेल' हीच बाजाराची मानसिकता बनते.

शिवाय, विकत घेतलेला गेम आपला असतो का? 'द क्रू' हा गेम ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाला आणि पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईना. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून, अशा व्यवहारात मालकी नव्हे तर केवळ वापराचा परवाना मिळतो, हे स्पष्ट सांगणे विक्रेत्यांना बंधनकारक केले. जुनी सीडी निदान मित्राला देता येत असे.

एकेकाळी तालुक्याच्या गावातील मुलाला गेमची सीडी मोठ्या शहरातून मागवावी लागे. स्टीमने नोव्हेंबर २०१५ पासून रुपयांत किमती दाखवायला सुरुवात केली आणि हे दुकान फलटणच्या घरातही आले. ही सोय स्वागतार्हच आहे. मात्र खरेदीपूर्वी त्या मुलाने, आणि पैसे देणाऱ्या पालकांनीही, एवढेच विचारावे: यातले किती गेम आपण खरोखर खेळणार आहोत? न खेळलेला गेम कितीही स्वस्तात मिळाला, तरी तो महागच!