साइडपट्टीचं मोजमाप घ्या

प्रति,
महामार्गांचे आराखडे मंजूर करणारे, देखभालीची बिलं तपासणारे आणि रस्ता सुरक्षेच्या बैठकांना बसणारे सर्व अधिकारी, अभियंते व ठेकेदार यांस,



मी १५५ सीसीची स्कूटर चालवते. घर खेड शिवापूरच्या बाजूला, नोकरी पुण्यात बाणेरला आणि माहेर वाईला. त्यामुळे रोजची ऑफिसची वाट आणि सुट्टीतली माहेरची वाट, दोन्हींसाठी मला एकच रस्ता आहे : राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८. सकाळी कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरायचं, वारजे, चांदणी चौक करत बाणेर गाठायचं आणि संध्याकाळी उलट. या वाटेवर माझ्यासारखे खूप जण असतात. शिरवळ आणि खंडाळ्याच्या एमआयडीसीत पाळीला जाणारे, नऱ्ह्याच्या कॉलेजांत शिकणारी मुलंमुली, दवाखान्यात रात्रपाळी करून घरी परतणाऱ्या नर्स. आमच्या दृष्टीनं शहरातला रस्ता आणि महामार्ग असे दोन वेगळे रस्ते आता राहिलेलेच नाहीत. गाव वाढत वाढत महामार्गाला येऊन चिकटलं आणि ऑफिसला जाणं म्हणजेच हायवेला लागणं झालं.

हे आधी सांगितलं, कारण दुचाकीचा विषय काढला की आपल्यापैकी कुणीतरी हमखास विचारतं, "पण दुचाकीनं हायवेवर यावंच कशाला?" आम्ही हौसेनं येत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, अटल सेतूवरही आहे. ती आम्ही पाळतो. पण ४८ नंबरवर बंदी नाही, आणि या पट्ट्यात तरी आमच्यासाठी दुसरा सलग रस्ताही नाही. सेवा रस्ता आहे म्हणावं तर तो मध्येच पुलापाशी संपतो, पुढे पुन्हा सुरू होतो आणि पावसाळ्यात भुयारी मार्गात पाण्याखाली जातो.

स्कूटर गावात फिरवायची आणि लांब जायचं तर मोटारसायकल काढायची, हा समजही आता जुना झाला. खरं तर तो पूर्वीही खरा नव्हता. आकुर्डीत तयार झालेल्या चेतकवर, दहा इंची चाकांवर, पुढे मूल उभं करून आणि मागे बायकोला बसवून लोक पुण्याहून साताऱ्याला, कोल्हापूरला जात होतेच. मधल्या काळात शंभर-एकशेदहा सीसीच्या बिनगिअरच्या गाड्यांचं राज्य आलं आणि स्कूटर भाजी आणायला जायची गाडी होऊन बसली. कायनेटिकनं २००६ मध्ये १६५ सीसीची ब्लेझ आणून पाहिली, पण ती चालली नाही. मग २०१६ मध्ये बारामतीच्या कारखान्यातून एप्रिलियाची १४ इंची चाकांची एसआर १५० बाहेर पडली, २०२१ मध्ये यामाहाची एरॉक्स १५५ आली, २०२५ मध्ये हीरोची झूम १६० आली. आता या मधल्या वर्गाच्या गाड्या रस्त्यावर चांगल्याच दिसू लागल्या आहेत.

या गाड्या घेणारा माणूस विचार करून घेतो. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर दुचाकीला कमाल ८० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. लहान स्कूटर त्या वेगाला धापा टाकते आणि चढावर ट्रकच्या मागे अडकून पडते. १५५-१६० सीसीचं इंजिन तिथे कुरकुरत नाही. खंबाटकी घाटाच्या चढाला थोडी मूठ पिळली की गाडी ट्रकला ओलांडून सुखरूप आत येते. चाकं मोठी, पुढच्या चाकाला एबीएस, सीटखाली हेल्मेट आणि रेनकोट मावेल एवढी डिकी, आणि शहरात शिरल्यावर क्लच-गिअरची कटकट नाही. रोज साठ-सत्तर किलोमीटर करणाऱ्या माणसाला याहून सोयीचं वाहन या किमतीत मिळत नाही. त्यासाठी आम्ही मोजतोही जास्त. १५० सीसीची रेषा ओलांडली की थर्ड पार्टी विम्याचा हप्ता ७१४ रुपयांवरून १,३६६ रुपयांवर जातो. एकरकमी रस्ता कर भरतो, आणि पेट्रोलच्या प्रत्येक लिटरवरचा रस्ते उपकरही आमच्या खिशातून जातो. दुचाकीला टोल माफ आहे म्हणजे ती रस्त्यावर फुकट चालते, असा अर्थ कृपया काढू नये.

आता मुद्द्यावर येते. माझा मुद्दा एवढाच आहे की महामार्गाच्या डाव्या कडेला कुणी वाली नाही.

नियमानं आम्ही डावीकडून चालायचं आणि आम्ही चालतोही. उजव्या लेनमध्ये मोटारी, मधल्या लेनमध्ये ट्रक आणि बस, आणि डांबराची शेवटची वीतभर-हातभर पट्टी आमची. त्या पट्टीची अवस्था मोटारीच्या काचेतून दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

दर काही वर्षांनी रस्त्यावर नवं कारपेट पडतं. डांबराचा थर वर चढतो आणि लागून असलेली मुरमाची साइडपट्टी होती तिथेच राहते. पहिल्या पावसात तिच्यातला मुरूम वाहून जातो आणि ती आणखी खाली बसते. मग डांबराच्या काठाला पायरी तयार होते, कुठे दोन बोटांची, कुठे चार, कुठे वीतभर. चारचाकीला ती जाणवतसुद्धा नाही. दुचाकीला मात्र ती खड्ड्यापेक्षा वाईट. खड्डा आडवा असतो, चाक त्यात आदळतं, कंबरेला धक्का बसतो आणि बहुतेक वेळा चाक बाहेरही येतं. ही पायरी चाकाला समांतर धावते. शेजारून ट्रक दाबत आला आणि पुढचं चाक खाली उतरलं, की वर येण्यासाठी चालक साहजिकच हँडल किंचित उजवीकडे वळवतो. चाक काठावर चढत नाही, टायरची बाजू काठाला घासत राहते. वेग असेल तर एका क्षणी चाक एकदम चढतं आणि गाडी आडवी होऊन थेट ट्रकच्या लेनमध्ये येते. नाहीतर चढतच नाही, आणि चालक त्याच बाजूला, त्याच ट्रकपुढे पडतो. वाचायचं असेल तर वर यायची घाई न करता वेग पार कमी करून, हँडल चांगलं वळवून, काठाला शक्य तितक्या आडव्या कोनात चढावं लागतं. मागून हॉर्न वाजत असताना, अंधारात, पावसात हे किती जणांना सुचेल? १७ इंची चाकाच्या मोटारसायकलला जी पायरी जड जाते, ती १४ इंची चाकाला आणखी जड, आणि दहा-बारा इंची चाकाच्या साध्या स्कूटरला तर भिंतच.

याचा नियम नाही असं नाही. बांधा-वापरा-हस्तांतरित करा या तत्त्वावर दिलेल्या महामार्गांच्या आदर्श करारनाम्यात देखभालीचं परिशिष्ट असतं. साइडपट्टीच्या काठाला ४० मिलिमीटरपेक्षा जास्त उंचीची पायरी पडली तर ती ७ दिवसांत दुरुस्त करावी, असं त्यात लिहिलेलं असतं. चाळीस मिलिमीटर म्हणजे आडवी दोन-अडीच बोटं. हे कलम लिहिणाऱ्याला दुचाकीचं चाक नक्की माहीत होतं. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे : हे चाळीस मिलिमीटर मोजायला पट्टी घेऊन कोण जातं, कधी जातं, आणि ते माप कोणत्या वहीत लिहिलं जातं?

पायरी नसते तिथे कच असते. रस्त्यावरची सगळी बारीक खडी, वाळू, ट्रकमधून सांडलेला क्रशर आणि फुटलेल्या काचा गाड्यांच्या वाऱ्यानं डावीकडे सरकत जातात आणि आमच्या पट्टीत येऊन साठतात. झाडणारं यंत्र फिरतं ते दुभाजकाच्या कडेनं. नवले पुलाकडे उतरणाऱ्या तीव्र उतारावर अवजड वाहनांचे अपघात पुन्हा पुन्हा झाले आहेत, ते आपल्याला माहीत आहेत. त्या उतारावर मागून भरलेला ट्रक येताना दिसला की आम्ही आणखी डावीकडे सरकतो, आणि तिथे चाकाखाली कच येते. ब्रेक दाबावा तर मागचं चाक घसरतं. या वर्गातल्या बहुतेक स्कूटरना एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं. १२५ सीसीवरच्या दुचाकीला एबीएस सक्तीचं झालं खरं, पण एकाच चाकाला दिलं तरी चालतं. गाडी बनवणाऱ्यांनी आणि नियम करणाऱ्यांनी मागच्या चाकाचाही विचार करावा, हे सांगायला वेगळं पत्र लागेल. आज रस्त्याबद्दल बोलते.

रम्बलरबद्दलही बोलायला हवं. वळणाआधी, पुलाआधी, गावाच्या तोंडाशी पांढऱ्या जाड पट्ट्यांचे जथे मारले जातात. वेग कमी व्हावा हा हेतू योग्य आहे, माझी तक्रार हेतूबद्दल नाही. पण या पट्ट्या ओल्या झाल्या की गुळगुळीत होतात, आणि नेमकं तिथेच सगळे ब्रेक दाबतात. म्हणून दुचाकीवाला त्यांना वळसा घालायला अगदी काठाला जातो, म्हणजे पुन्हा त्या पायरीवर आणि कचेवर. पट्टीची उंची मापात ठेवली, रंग घसरणार नाही असा वापरला आणि डावीकडे दुचाकी जाईल एवढी साफ, सपाट जागा मोकळी सोडली, तर पाण्याचा निचराही होईल आणि आमचाही.

टोलनाक्यावर दुचाकीसाठी डाव्या टोकाला जी गल्ली ठेवतात, तिच्याबद्दल फार लिहीत नाही. एका नाक्यावरच्या गल्लीत दोन सिमेंटच्या ठोकळ्यांमधून हँडल जेमतेम जातं. खाली डिझेल आणि ऑइल सांडलेलं, वर दिवा नाही. पैसे घ्यायचे नाहीत म्हणून ती जागा कुणाच्या नजरेत येत नसावी.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती. देशातल्या एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्ग लांबीनं दोन टक्क्यांच्या आसपास, पण मृत्यूंपैकी ३६ टक्के त्यांच्यावर झाले. हे आकडे दर वर्षी आपल्याच बैठकांत मांडले जातात, आणि नंतर ठरतं ते हेल्मेटची मोहीम काढायचं. हेल्मेट घालायलाच हवं. मी घालते, मागे बसणाऱ्यालाही घालायला लावते, आणि न घालणाऱ्याला दंड व्हावा असंच माझं मत आहे. पण पायरीवरून चाक निसटून ट्रकखाली गेलेल्या माणसाच्या पंचनाम्यात "दुचाकीस्वाराचा ताबा सुटला" एवढंच लिहिलं जातं, तेव्हा मला मनापासून राग येतो. ताबा कशामुळे सुटला, हे त्या कागदावर कुठेच येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १९८-अ हे कलम आलं. रस्त्याची आखणी, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे न केल्यानं कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. पंचनामा करणारा काठाची उंची मोजणारच नसेल, तर हे कलम लावणार कशाच्या आधारावर? पोलिसांच्या पंचनाम्यात साइडपट्टीच्या मापाचा एक रकाना वाढवायला निधी लागत नाही.

मी नवा उड्डाणपूल मागत नाही, दुचाकीसाठी वेगळा मार्गही मागत नाही. आहे त्या रस्त्याची डावी कड डांबराच्या पातळीत ठेवा, ती झाडून घ्या आणि रात्री तिची पांढरी रेषा दिसेल अशी राखा.

पावसाळा संपला की कारपेटची कामं निघतील. त्यांची अंदाजपत्रकं आपल्या टेबलांवर येतील. डांबराचा जेवढा थर वाढणार, तेवढ्याच उंचीचा मुरूम साइडपट्टीवर भरून, रोलर फिरवून, दाबून घेण्याची बाब त्या प्रत्येक अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे दाखवलेली असावी. शेवटचं बिल निघण्याआधी दर किलोमीटरला दोन्ही बाजूंचं काठाचं माप मोजमाप पुस्तकात चढलेलं असावं, आणि ते पान कुणाही नागरिकाला पाहता यावं. यंदा कात्रज बोगदा ते खंबाटकी एवढ्या पट्ट्यापासून सुरुवात केलीत तरी चालेल. ती पानं पाहायला मी येईन.

कळावे,
आपली,
पुणे-सातारा रस्त्यावरची एक स्कूटरचालक