पोटावरच्या रेघांचा बाजार

बाळंतपणानंतर पोटावर राहणाऱ्या रेघांवर चळवळीच्या अंकात काय लिहायचे, असे काही मैत्रिणींना वाटते. मारहाण, हुंडा, रेशन हे प्रश्न असताना हे मध्यमवर्गीय बायकांचे चोचले, असेही एका बैठकीत ऐकले. मला हे मान्य नाही. मी काम करते त्या वस्तीत धुणीभांडी करणाऱ्या बाया या रेघांसाठी औषधाच्या दुकानातून ट्यूब आणतात, प्रसंगी उधारीवर. नवरा पोटाला नावे ठेवतो हे आधी हसून सांगतात, मग गप्प होतात. शरीराची लाज वर्ग बघून येत नाही.

त्वचा झपाट्याने ताणली गेली की तिच्या आतल्या थरातले तंतू तुटतात. गरोदरपणातल्या संप्रेरकांचाही त्यात वाटा असतो. रेघा आधी लालसर-जांभळ्या दिसतात, पुढे पांढुरक्या होतात. आईला असतील तर लेकीला पडण्याची शक्यता जास्त. वयात येणाऱ्या मुलग्यांच्या पाठीवर आणि तालमीत जाणाऱ्या तरुणांच्या खांद्यांवरही त्या पडतात, पण त्यांना कोणी ‘अंग खराब झाले’ म्हणत नाही!

आता बाजाराकडे बघू. 2012 साली कॉक्रेनच्या आढाव्यात 6 चाचण्यांमधल्या सुमारे 800 स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. गरोदरपणी अमुक मलम लावले की रेघा टळतात, असा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. तरी बाटल्यांवर छाती ठोकून दावे छापलेले असतात. तेल लावू नका असे मी म्हणत नाही. कोरडी त्वचा मऊ होते, खाज कमी होते, बरे वाटते. त्याला घरातले खोबरेल पुरते. रेघा लालसर असताना ट्रेटिनॉइनने थोड्या फिकट होतात, पण ते गरोदरपणी अजिबात वापरायचे नाही. लेझरनेही फिकट होतात, पुसल्या जात नाहीत. पैसे मात्र प्रत्येक खेपेला मोजायचे.

खरा संताप येतो तो स्टेरॉइडच्या मलमांचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन असलेल्या ट्यूब गोरेपणासाठी नाहीतर गजकर्णासाठी म्हणून हातात ठेवल्या जातात. जांघेत, काखेत त्या दीर्घकाळ लावल्या की त्वचा पातळ होऊन रेघा पडतात, आणि त्या जात नाहीत. 2018 साली केंद्र सरकारने अशी 14 मलमे ‘एच’ परिशिष्टात घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. आमच्या वस्तीत चिठ्ठी कोण विचारतो? आधी रेघा पाडणारी ट्यूब विकायची, मग त्या घालवणारी!

आणि दवाखान्यात? गरोदर बाईने खाज सुटते म्हटले की ‘पोट ताणतंय, होणारच’ म्हणून वाटेला लावतात. पुरळ नसताना तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, फार खाज सुटत असेल तर यकृताचा त्रास असू शकतो, बाळालाही धोका असतो. त्यासाठी रक्त तपासून घ्यायचा आग्रह धरा. गरोदर नसताना रुंद जांभळ्या रेघा, गोल सुजल्यासारखा चेहरा, सहज काळेनिळे पडणारे अंग अशी लक्षणे दिसली तरीही डॉक्टर गाठा.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्या बाईच्या पोटात काय जाते हे घरात कोणी विचारत नाही, पोटावर काय दिसते हे सगळे बघतात.

खोट्या जाहिरातीबद्दल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्या नटीलासुद्धा. 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते. गटाच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातल्या ट्यूब आणि बाटल्या घेऊन याव्यात. वेष्टनावरचा बारीक मजकूर आपण मिळून वाचू, स्टेरॉइड असलेल्या बाजूला काढू, आणि त्या चिठ्ठीविना देणाऱ्या दुकानांची यादी अन्न व औषध प्रशासनाकडे देऊ.