घोडेवाल्याचे स्वतःचे दफ्तर

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर मोटारीतून उतरणाऱ्या माणसाला प्रथम लाल मातीचा आणि घोड्यांच्या अंगाचा संमिश्र वास येतो आणि पाठोपाठ लगाम हाती धरून उभ्या असलेल्या घोडेवाल्यांची हाक ऐकू येते. 1850 साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांच्या नजरेस हा डोंगर पडला, 1907 साली नेरळहून छोटी आगगाडी वर आली, 2003 साली केंद्र सरकारने हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला आणि अलीकडे सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने ई-रिक्षाही धावू लागल्या. परंतु पर्यटकाची मोटार आजही दस्तुरीपुढे जात नाही आणि घोड्याची गरज सरलेली नाही. बदलली आहे ती गिऱ्हाइकाची रीत. पूर्वी पाहुणा नाक्यावर येऊन घोडा ठरवीत असे. आता तो मुंबई-पुण्यास घरबसल्या मोबाइलवर सारे ठरवून निघतो आणि त्या मोबाइलवर घोडेवाला स्वतः कोठेच नसतो.

गेल्या हिवाळ्यात पाहिलेला एक प्रसंग मनातून जात नाही. एका कुटुंबाने कोणा मध्यस्थाला फोनवरून सात ठिकाणांच्या फेरीचे पैसे आगाऊ दिले होते. घोडेवाल्याला मात्र तीनच ठिकाणांचा निरोप होता आणि दिलेल्या रकमेतले निम्मेही त्याच्या हाती पडणार नव्हते. शब्दाला शब्द लागत असताना तो वयस्क गृहस्थ मुकाट्याने आपले काम करीत होता : तंगाखाली दोन बोटे सरकवून त्याने तो एका भोकाने सैल केला, खोगीर हलवून पाहिले आणि लहान मुलाच्या पायाच्या मापाने रिकीब वर चढविली. मग तो एवढेच म्हणाला, "ताई, पैसे ज्यानं घेतले तो इथं नाही. बोलणी खायला मी आहे."

त्या एका वाक्यात या धंद्याचे सारे दुखणे सामावले आहे. जनावर घोडेवाल्याचे, चंदी-वैरणीचा आणि नालबंदीचा खर्च त्याचा, जबाबदारी त्याची. परंतु नाव, दर आणि शब्द मात्र परक्याच्या हाती. म्हणून घोडेवाल्यांनी इंटरनेटवर आपले स्थान निर्माण केले पाहिजे, असे जेव्हा मी म्हणतो, तेव्हा जाहिरातीचा झगमगाट मला अभिप्रेत नसून, ज्यात आपला व्यवहार आपल्याच हाताने आणि खरा लिहिलेला आहे, असे दफ्तर मला अभिप्रेत आहे.

त्याचा आरंभ अल्प खर्चात होतो. गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक खात्यात फेऱ्यांची यादी दरांसह मांडता येते. मात्र त्यात काय लिहावे, हा खरा प्रश्न आहे. नाक्यावरच्या फलकावर असेल तोच दर, फेरीत येणाऱ्या ठिकाणांची नावे, लागणारा वेळ, परवान्याचा क्रमांक, किती वजनाच्या माणसाला घोड्यावर बसविणार नाही आणि मुलांसाठी शिरस्त्राण मिळेल की नाही, एवढे मराठीत, हिंदीत व इंग्रजीत स्वच्छ लिहिले, तरी नाक्यावरचे निम्मे तंटे उद्भवणारच नाहीत. समुद्रकिनाऱ्यावर चौखूर उधळणाऱ्या परदेशी अश्वांची उसनी चित्रे ही निव्वळ खोगीरभरती होय. ज्या पाहुण्याला डोंगरातले शांत, सरावलेले तट्टू मिळणार आहे, त्याला त्याच तट्टाचे चित्र आणि नाव दिसले पाहिजे.

याहून मोठे कारण घोड्याचे आहे. भारवाहू जनावरांसाठी 1965 साली झालेल्या नियमांनी दिवसाला नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यास मनाई केली आहे. मुंबईच्या रस्त्यांवर सहलीसाठी धावणाऱ्या व्हिक्टोरिया 2015 साली उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरविल्या, तेव्हा घोड्यांची आणि तबेल्यांची दुरवस्था हाच वादाचा मुख्य विषय होता. आज कोणीही वाटसरू एका जखमी जनावराचे चित्र घटकाभरात देशभर पसरवू शकतो आणि त्या एका चित्रावरून सगळ्यांची पारख होते. जो घोडेवाला पाणी, सावली, विसावा आणि पशुवैद्याची तपासणी यांची काळजी घेतो, त्याने ती उघड्यावर मांडलीच पाहिजे. आणि जो घेत नाही, त्याला चार लोकांसमोर लिहून दिलेल्या शब्दामुळे ती घ्यावी लागेल. मुक्या प्राण्याच्या दृष्टीने पाहता हा लाभ मला सर्वांत मोलाचा वाटतो.

हे काम एकेकट्याच्या आवाक्यातले नाही, हेही मान्य केले पाहिजे. पहाटे खरारा करून दिवसभर दगडी वाटा तुडविणाऱ्या माणसाने रात्री मोबाइलवर पत्रव्यवहार करावा, ही अपेक्षा रास्त नव्हे. घोडेवाल्यांनी एकत्र येऊन एकच सामाईक दफ्तर उघडावे, ते सांभाळण्याचे काम त्यांच्याच घरच्या शिकलेल्या मुलामुलींना मेहनतान्यासह द्यावे, पाळीने घोडा देण्याचा न्याय तेथेही पाळावा आणि नगरपरिषदेने परवाना व दर यांची खातरजमा करून त्यास दुजोरा द्यावा. पाहुण्याने तक्रार लिहिली, तर ती पुसून टाकण्याच्या खटपटीत न पडता सौम्य आणि खरे उत्तर द्यावे; चूक असेल तेथे पैसे परत करावेत. घोडा का अडला आणि भाकरी का करपली, या जुन्या कोड्याचे उत्तर 'न फिरविल्यामुळे' असे आहे आणि ते येथेही लागू पडते. दोन वर्षांपूर्वीचे दर आणि बंद पडलेला फोन क्रमांक दाखविणारे दफ्तर पाहुण्याला पुन्हा त्याच मध्यस्थाच्या दारी नेऊन सोडते.

आणि त्या दफ्तरात पहिले चित्र कोणते असावे, असे मला कोणी विचारले, तर मी सूर्यास्ताचे किंवा दरीचे सांगणार नाही. तंगाखाली सरकविलेल्या त्या दोन बोटांचे सांगेन. आपले मूल कोणाच्या हाती सोपवीत आहोत, हे पाहुण्याला घरी बसल्या बसल्या त्यावरून कळेल.